घरची आठवण येते तेव्हा
(वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



आपल्या वस्तीतली मुलं-मुली आता शिक्षणासाठी पुण्याला, दिल्लीला जातात. सत्कार होतो, पेढे वाटले जातात, स्टेशनवर फोटो निघतात. पण पुढच्या पंधरा दिवसांत त्या लेकराचं काय होतं, याची चौकशी कुणी करत नाही. आज आम्ही त्यावरच बोलणार आहोत.

आम्ही खेड्यातून वसतिगृहात आलो, तेव्हा दिवस कसाही निघून जायचा. दिवेलागण झाली की मात्र पोटात कालवायचं. आता आयनं चूल पेटवली असेल, धाकटी दप्तर काढून बसली असेल. मेसची भाकरी हातात यायची, पण घास उतरायचा नाही. रविवार तर खायला उठायचा. खोलीत चार जण, चौघांचे डोळे ओले आणि चौघेही म्हणणार, सर्दी झाली! ज्या गावानं आम्हाला वेशीबाहेर ठेवलं त्या गावाची ओढ कुणालाच नव्हती. ओढ होती ती वेशीबाहेरच्या आपल्या पाच-पंचवीस घरांची.

हा भित्रेपणा नव्हे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या स्विस तरुणाने या दुखण्यावर वैद्यकाचा प्रबंध लिहिला होता. म्हणजे ही गोष्ट काही आपल्याच पोरांची नाही.

बाबासाहेबांकडेच पाहा. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला गेले. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला, तो जन्मभराचा. पुढे लंडनला शिकताना रात्री भूक लागली की ते पत्र्याच्या तुकड्यावर पापड भाजून खात, असं धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. एक जिवाभावाचा मित्र आणि घरच्या चवीचा एखादा पदार्थ, परमुलखात याचा केवढा आधार होतो! म्हणून डबा द्या, चटणी द्या, पण खोलीतल्या चौघांना पुरेल एवढी द्या. खाताना ओळख होते.

आपल्या घरांतली खरी अडचण वेगळीच आहे. मुलगा फोनवर म्हणतो, "आई, करमत नाही." आपण लगेच म्हणतो, "तुझ्यासाठी कर्ज काढलंय, नीट राहा." झालं! पोरगं पुन्हा कधी बोलत नाही. बोलत नाही म्हणजे रुळलं, असं आपण धरून चालतो. तेव्हा कर्जाचा विषय त्या फोनवर काढू नका. दर तासाला फोनही नको, ठरलेल्या वेळी करा. बहुतेक मुलं काही आठवड्यांत रुळतात. सुट्टीवरून परतल्यावर पुन्हा जड जातं, तेही ओसरतं.

पण कधीकधी 'करमत नाही' याचा अर्थ निराळा असतो. कुणी आडनाव विचारलेलं असतं, कुणी रँक विचारून हसलेलं असतं, जेवताना शेजारी बसायचं टाळलेलं असतं. पोरगं ते सांगत नाही, घरची आठवण येते एवढंच म्हणतं. म्हणून विचारा, "बाळा, तिथं तुला कुणी काही बोललं का?" तसं असेल तर ते मनाचं दुखणं नव्हे, अन्याय आहे. त्याची लेखी तक्रार करायची, संस्थेच्या एससी-एसटी कक्षाकडे जायचं. आणि मूल जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर पहिली गाडी पकडून जा. तोवर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक त्याला द्या. तो मोफत आहे.

शेवटी एक काम. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांची नावं, गाव आणि फोन विहाराच्या वहीत लिहून ठेवू या. यंदा जाणाऱ्या प्रत्येकाला त्या शहरातला आपला एक तरी दादा किंवा ताई आधीच माहीत असावी. वही आज दाराशी ठेवली आहे, जाताना लिहून जा.

जय भीम!