'रोज एक पान शुद्धलेखन' का पुरत नाही?



मी शिक्षक नाही आणि डॉक्टरही नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करून कन्सल्टिंगवर पोट भरणारा माणूस. पण आमच्या मुलाला तिसरीत असताना 'लेगास्टेनी', म्हणजे डिस्लेक्सिया, असल्याचं निदान झालं आणि गेली तीन वर्षं वाचन-लेखन हाच आमच्या घरचा मुख्य विषय आहे. जर्मनीत साधारण ३ ते ८ टक्के मुलांना हा त्रास असतो असं मानतात. म्हणजे या सभागृहातही दोन-तीन घरं असणारच. म्हणून बोलायला उभा राहिलो.

डिस्लेक्सिया हा शब्द रूढ केला श्टुटगार्टच्या रुडॉल्फ बेर्लिन यांनी, १८८७ सालच्या एका पुस्तिकेत. हे गृहस्थ डोळ्यांचे डॉक्टर! तेव्हापासून सगळ्यांचा संशय डोळ्यांवर. 'तारे जमीन पर' (२००७) या सिनेमानं आपल्याकडच्या आईबापांवर मोठेच उपकार केले, पण त्यातली नाचणारी अक्षरं पाहून अनेकांना अजून वाटतं की चष्म्यानं भागेल. खरी अडचण बहुतेक मुलांत ध्वनीची असते. ऐकलेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणं आणि प्रत्येक ध्वनीला अक्षर चिकटवणं, हे इतरांना आपोआप जमतं, यांना जमत नाही. आम्हा संगणकवाल्यांना हे पटकन कळतं. जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची, आठवतं? मजकूर शाबूत असायचा, सांकेतिक तक्ता जुळत नसायचा.

जर्मनीत आणखी एक फसगत होते. इंग्रजीत अशी मुलं शब्द चुकीचा वाचतात, ते लगेच लक्षात येतं. जर्मनमध्ये अक्षर आणि उच्चार यांचं नातं बरंच सरळ आहे, त्यामुळे मूल बहुधा बरोबर वाचतं, पण फार सावकाश. 'वाचतो की, जरा आळशी आहे' म्हणून आपण सोडून देतो. मग डिक्टाटची वही लाल होऊन येते.

आता आपला पारंपरिक उपाय: रोज एक पान शुद्धलेखन आणि चुकलेला शब्द दहा वेळा. आपण सगळे त्यातूनच शिकलो. पण या मुलाच्या बाबतीत ते लेखन राहत नाही, चित्रकला होते. तो समोरचा शब्द हुबेहूब काढतो आणि अकराव्या वेळी, पुस्तक मिटल्यावर, पुन्हा चुकतो. २०१५ मध्ये इथल्या बाल-किशोर मानसोपचार तज्ज्ञांच्या पुढाकारानं उपचारांची मार्गदर्शिका निघाली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की थेट वाचन आणि स्पेलिंगच शिकवा: ध्वनी आणि अक्षराची जोडी, शब्दाचे तुकडे पाडणं आणि नियम, पायरीपायरीनं, शक्य तितक्या लवकर. रंगीत भिंगं, प्रिझमचे चष्मे, नुसतं कानांचं ट्रेनिंग यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. (त्यांची बिलं मात्र भरभक्कम असतात.)

आमच्या लेर्नथेरपीवाल्या बाई फ्रायबुर्गची 'फ्रेश' पद्धत वापरतात. पहिली पायरी म्हणजे शब्द तुकड्यांत म्हणत हात झुलवायचा आणि एकेक पाऊल टाकायचं. आमच्या हॉलमध्ये 'टो-मा-टं' म्हणत चालणारा मुलगा पाहून आजी आधी घाबरल्या होत्या! दुसरी पायरी, शब्द लांबवायची. कुत्र्याला जर्मनमध्ये 'हुंड' लिहितात, पण ऐकू येतं 'हुंट'. अनेकवचन करा, 'हुंडं', की डी स्वच्छ ऐकू येतो. तिसरी, मूळ शब्द शोधायची. 'बॉयमं'मध्ये दोन टिंबांचा ए का? कारण तो 'बाउम'मधून आला. राहिलेले शब्द, उदाहरणार्थ 'फाटर', ज्यात एफ ऐकू येतो पण लिहायचा फाउ, ते सरळ पाठ करायचे. पण असे शब्द थोडेच उरतात. दहा वेळा लिहायला लावणारा सगळ्याच शब्दांना या शेवटच्या खान्यात टाकतो, असं मला वाटतं.

हीच रीत मराठीला लागू पडते. मूल आणि मुलाला, फूल आणि फुलांचा, मीठ आणि मिठात. कानाला ऱ्हस्व-दीर्घ नीट कळत नाही, पण शब्द लांबवला की शेवटून दुसरं अक्षर ऱ्हस्व होतं, हा नियम एकदा हातात आला की वेलांट्यांचा गोंधळ बराच कमी होतो. पहिली वेलांटी मात्र लबाड आहे: उच्चारात नंतर आणि कागदावर आधी. 'सूर्य'मधल्या रफाराचंही तेच, आधी म्हणायचा आणि पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवायचा. हे मुलाला मुद्दाम उघड करून सांगावं लागतं.

आम्हाला एका हितचिंतकांनी सुचवलं होतं, घरात मराठी बंद करा, डोक्यात दोन भाषा झाल्या म्हणून हे झालं. मंडळी, दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. त्याची मुळं बरीचशी आनुवंशिक असतात. मराठी बंद केली असती तर जर्मन स्पेलिंग सुधारलं नसतं, फक्त आजीशी बोलणं थांबलं असतं. मराठी लिहिण्याची घाई आम्ही केली नाही. आधी जर्मन अक्षरं पक्की होऊ दिली. बोलणं, गोष्टी, भांडणं, सगळं मराठीतच चालू आहे.

शेवटी कामाचं. निदान बाल-किशोर मानसोपचार तज्ज्ञांकडे होतं. नावाला घाबरू नका. लेर्नथेरपीचा खर्च आरोग्यविमा देत नाही. पण मुलाच्या मनावर आणि त्याच्या रोजच्या वावरावर परिणाम होत असेल तर आठव्या सामाजिक कायद्याच्या कलम ३५ अ खाली युगेंडआम्टकडे अर्ज करता येतो. शाळेत जादा वेळ किंवा स्पेलिंगचे गुण न धरणं, याचे नियम प्रत्येक राज्यात वेगळे आहेत, ते आपल्या शाळेतच विचारा. 'शिक्का बसेल' ही भीती असते. घटना न्यायालयानं नोव्हेंबर २०२३ मध्ये लेगास्टेनी ही राज्यघटनेच्या अर्थानं अपंगत्व आहे असं सांगितलं. प्रमाणपत्रावर सवलतीची नोंद करायला हरकत नाही, पण ती फक्त याच मुलांच्या प्रमाणपत्रावर करणं हा भेदभाव आहे, असंही म्हटलं.

तपासणीची वेळ मिळायला महिने लागतात. तेव्हा शंका असेल तर पुढच्या डिक्टाटची वाट न पाहता सोमवारीच फोन करून नाव यादीत घाला.