थांबणे हाही उपचार



आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार ऐकू येणारा एक प्रश्न आज आपणासमोर मांडावयाचा आहे. एमआरआयची पिशवी हाती घेऊन आलेला मुलगा विचारतो, "वडिलांच्या कमरेतील गादी सरकली आहे, ऑपरेशन कधी करणार?" आम्ही सहा आठवडे थांबण्यास सांगतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर शंका उमटते : धर्मादाय रुग्णालय म्हणून हे टाळाटाळ तर करीत नाहीत ना? त्या शंकेचे निरसन करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

दोन मणक्यांमधील चकतीला आपण गादी म्हणतो. तिचे कवच चिवट, गाभा मऊ. कवचाला चीर पडून गाभा बाहेर आला की शेजारून जाणाऱ्या नसेच्या मुळावर दाब येतो, तेथे दाह होतो आणि कळ नितंबापासून पावलापर्यंत उतरते. १९३४ मध्ये मिक्स्टर व बार या अमेरिकन शल्यविशारदांनी हा संबंध दाखवून दिला आणि पुढे गादी काढणे हाच इलाज, अशी समजूत रुजली. वस्तुतः बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. भक्षक पेशी तो हळूहळू नाहीसा करतात; मोठा, सुटलेला तुकडा तर बहुधा अधिक आक्रसतो.

नेदरलँड्समधील २८३ रुग्णांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लवकर शस्त्रक्रिया ठरविलेल्या गटाची वेदना अधिक वेगाने शमली, हे आम्ही लपवीत नाही. परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबलेल्या गटापैकी ३९ टक्के जणांना मात्र मध्यंतरी शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

थांबणे म्हणजे पडून राहणे नव्हे. एके काळी आम्हीही अशा रुग्णांना कमरेला वजने लावून आठवडेच्या आठवडे खाटेवर ठेवीत असू. ती आमची चूक होती. त्याने स्नायू मात्र दुर्बळ होत. आता एक-दोन दिवसांची विश्रांती, मग झेपेल तेवढे चालणे, वेदनाशामके, फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम आणि काही जणांना मणक्याजवळ इंजेक्शन, असा क्रम असतो.

परंतु लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरील ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला अथवा पाऊल लुळे पडू लागले, तर एक दिवसही थांबू नये. मध्यरात्र असली तरी रुग्णास घेऊन यावे.

पोती वाहणारा एक हमाल आमच्याकडे आला होता. व्यायामाने त्यास उतार पडू लागला, आणि तिसऱ्या आठवड्यात तो येईनासा झाला. पुन्हा आला तेव्हा पाऊल उचलत नव्हते. तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. मधल्या काळात तो पुन्हा पोती उचलू लागला होता. उपचाराचा खर्च आम्ही माफ केला होता. त्याची बुडालेली मजुरी भरून देणे आमच्या हाती नव्हते. म्हणूनच विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे की, रुग्ण साहाय्य निधीतून औषधांबरोबरच अशा कुटुंबांच्या सहा आठवड्यांच्या शिध्याचाही विचार व्हावा.