बोटीची जमीन का फुगली?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "तू कोडिंग करतोस की बोट चालवतोस?" तर, कोडिंगच करतो. न्यूकॅसलला नोकरी आहे. बोट आहे तिथून ट्रेनने तासाभराच्या आत, हार्टलपूलच्या मरीनामध्ये, आणि तीसुद्धा माझ्या एकट्याची नाही. आम्ही तिघांनी मिळून घेतलेली, २६ फुटी, फायबरग्लासची, १९७८ सालची शिडाची बोट. इथे जुनी बोट घेणं सोपं असतं, ठेवणं महाग. हे आम्हाला घेतल्यावर कळलं.

आज बोलायचंय तिच्या जमिनीबद्दल. बोटीच्या केबिनमध्ये आपण ज्यावर उभे राहतो त्याला 'सोल' म्हणतात, बुटाच्या सोलसारखंच. आमचा सोल म्हणजे प्लायवूडचे तीन तुकडे आणि त्यावर सागाचं पातळ विनिअर, मधे मधे होली नावाच्या झाडाच्या पांढऱ्या पट्ट्या. दिसायला एकदम राजेशाही. पण ते विनिअर साधारण ०.६ मिलिमीटर जाड. दोन व्हिजिटिंग कार्डं एकावर एक ठेवा, तेवढंच. आणि आमच्या बोटीत ते ओट्याजवळ फुगलं होतं, पापडासारखं. पाय ठेवला की कर्र आवाज यायचा.

मी काय केलं? जे सोमवारी सकाळी प्रॉडक्शनमध्ये बग आला की करतो तेच. पॅच मारला. साधा पांढरा फर्निचरचा गोंद आणला, सिरिंजने फुग्यात भरला, वर डंबेल ठेवली, फोटो काढला, फॅमिली ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी अंगठे दिले. बाबांनी फक्त एवढंच लिहिलं, "पाणी कुठून येतं?"

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा सुतार. डोंबिवलीला त्यांचा छोटा गाळा होता. तीस वर्षं विनिअरचं फर्निचर केलं, कपाटं, शोकेस, ऑफिसची टेबलं. मला गाळ्यात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. "धुळीत येऊ नकोस, अभ्यास कर." मी केला, बीटेक झालो. आणि बाबांचा श्वास गेला त्या धुळीत. आता दोन जिने चढले की थांबतात. म्हणजे गंमत बघा, सुताराच्या मुलाला रंधा कसा धरायचा ते येत नाही, आणि त्याने घेतली लाकडाची जमीन असलेली बोट.

बाबांच्या मेसेजला मी उत्तरच दिलं नाही. सहा आठवड्यांत फुगा परत आला, आणि शेजारी अजून दोन.

मग शेजारच्या बोटीवरचे एक आजोबा मदतीला आले. ते म्हणाले, आधी चव घे. मी बघतच राहिलो. जमिनीखालच्या पोकळीत जे पाणी साठतं, त्याला बिल्जचं पाणी म्हणतात, त्याचा एक थेंब जिभेला लावायचा आणि थुंकायचा. खारट असेल तर समुद्राचं, म्हणजे खालून कुठून तरी. गोडं असेल तर पावसाचं, नाहीतर तुमच्याच टाकीचं. आमचं गोडं निघालं. टाकी रिकामी करून आठवडाभर ठेवली, तरी पाणी आलंच. म्हणजे पाऊस.

पण कुठून? बोटीत पाणी जिथून शिरतं तिथे दिसत नाही. आतल्या अस्तरामागून सरपटत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. लॉग एका फाइलमध्ये आणि चूक दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये, तसंच. फेब्रुवारीच्या थंडीत मी आत टिश्यू पेपरच्या पट्ट्या चिकटवल्या आणि मित्राने वर डेकवर पाइपने पाणी सोडलं. आधी खालच्या बाजूला, मग हळूहळू वर, एका जागी दहा मिनिटं. घाई केली तर काहीच कळत नाही. तिसऱ्या तासाला एक पट्टी ओली झाली. दोष कठड्याच्या एका खांबाचा. डेकवर जे स्टीलचे खांब असतात, ज्याला धरून आपण चढतो, त्याच्या बुडाखालचं सीलंट वाळून चुरा झालं होतं. तिथून सोल दीड मीटर लांब!

खांब काढला, भोकं साफ केली, ब्यूटिल टेप लावून पुन्हा बसवला. अर्ध्या दिवसाचं काम. खरं दुखणं हे, आणि मी जमिनीला गोंद पाजत बसलो होतो.

आता जमीन. स्क्रू लाकडी बुचांखाली लपलेले असतात, ते काढून तिन्ही तुकडे घरी आणले. उलटे केले आणि पोटात गोळाच आला. वरून चकचकीत वॉर्निश, आणि खालची बाजू, कडा, स्क्रूची भोकं, सगळं उघडं. प्लाय म्हणजे पातळ थरांची चळत. कडेला त्या थरांची टोकं उघडी असतात, ती पाणी शोषतात आणि ते वर विनिअरपर्यंत चढतं. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला. दोन तुकडे टणक. तिसऱ्याच्या एका कोपऱ्यात तो बिस्किटात जावा तसा गेला. तो तुकडा टाकून द्यावा लागला. त्याचा आकार नवीन मरीन प्लायवर गिरवून घेतला, म्हणून जुना आधी फेकू नका.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. सगळं दाखवलं. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "आधी गोड्या पाण्याने धू." भिजलेलं लाकूड अजून भिजवू? पण बरोबर होतं. पंचेचाळीसपेक्षा जास्त वर्षांचं मीठ होतं त्यात, ओल्या बुटांनी आणलेलं. मीठ हवेतली ओल ओढतं, मग लाकूड कधी सुकतच नाही. धुतलं, उभं करून ठेवलं, डीह्युमिडिफायर लावला. तीन आठवडे माझ्या खोलीत तो घरघरत होता. हाउसमेटने माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

चिकटवायला इपॉक्सी. रेझिन पाच भाग, हार्डनर एक भाग, मापात. "थोडा हार्डनर जास्त टाकला तर लवकर वाळेल" असं वाटतं, तसं होत नाही, ते मऊ राहतं. आणि एका कपात खूप मिसळू नका. माझा पहिला कप हातातच तापला आणि धूर निघायला लागला. कमी कमी बनवा, पसरट भांड्यात. आधी पातळ इपॉक्सी विनिअरखाली दोन्ही बाजूंना, मग सिलिका पावडर घालून श्रीखंडाइतकं घट्ट केलेलं सिरिंजने आत. वर प्लास्टिकचा कागद, त्याला इपॉक्सी चिकटत नाही. त्यावर फळी आणि वजन.

इथे बाबांचं आणि माझं वाजलं. ते म्हणत होते, "शिकंजा लाव, घट्ट आवळ." फेव्हिकॉलला ते बरोबर आहे. पण इपॉक्सी फार दाबलं तर सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. मी म्हटलं, "बाबा, हे तुमच्या गोंदासारखं नाही." बराच वेळ शांतता. मला वाटलं दुखावले. मग म्हणाले, "बरं. मग वजन किती ठेवणार?" वीस लिटरचे पाण्याचे दोन कॅन. "चालेल."

घासताना मात्र मी हरलो. मशीन लावलं आणि चार सेकंदांत सागातून खालच्या थरात गेलो, तळहाताएवढा फिकट डाग. परत येणं नाही. बाबा नंतर म्हणाले, आधी पेन्सिलीने रेघोट्या मारायच्या, हाताने घासायचं, रेघोट्या गेल्या की थांबायचं. आणि घासण्याआधी इपॉक्सीवर येणारा तेलकट थर पाण्याने पुसायचा, नाहीतर काचपेपर भरून जातो.

एक गोष्ट मस्करीत घेऊ नका. मास्क. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. बाबांनी तेव्हा गाळ्यात नाकाला रुमाल बांधला होता, तोही उन्हाळ्यात काढायचे. इपॉक्सीला हातमोजे. एकदा ॲलर्जी झाली की पुन्हा हात लावता येत नाही.

शेवटी कडांना, खालच्या बाजूला, इपॉक्सीचे तीन हात. स्क्रूची भोकं मोठी करून इपॉक्सीने भरली आणि पुन्हा पाडली, म्हणजे पाणी आलं तरी लाकडाला लागणार नाही. वर वॉर्निश.

जूनमध्ये बाबा आले. पहिल्यांदाच देशाबाहेर. आमच्या मरीनाशेजारी एचएमएस ट्रिंकोमाली उभी असते, १८१७ साली मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेली, वाडियांच्या हातची. अजून पाण्यावर तरंगतेय. बाबांनी तिच्या लाकडावर बोटाच्या पेराने ठोकलं, कान लावला आणि काहीच बोलले नाहीत. दोनदा दम लागला म्हणून बसले, तेही तिच्याकडे बघत.

मग आमच्या बोटीत उतरले. बसले गुडघ्यांवर. तोच प्रकार, ठक, ठक, ठक, सगळ्या जमिनीवर. फिकट डागापाशी थांबले, अंगठा फिरवला, पुढे गेले. ओट्याजवळ आवाज बदलला. ढब.

"इथे पोकळ आहे."

मी म्हटलं, "उद्या बघू."

"उद्या कशाला? सिरिंज आण." मी वळलो तसे मागून म्हणाले, "आणि मास्क आण. दोन."