एकट्याच्या हाताबाहेरचं



कार्यक्रमपत्रिकेवर 'जबाबदारी आणि अनिश्चितता' असं भारदस्त नाव छापलंय. आपल्या केळीच्या सावद्यात या विषयाला एवढं नाव लागत नाही. मे महिन्यात दुपार कलताना सातपुड्याकडून काळं दाटून आलं, की केळीवाल्याला तो आपोआप समजतो.

बाग कापणीवर आलेली. टिश्यूकल्चरची रोपं, ठिबक, खतांचे हप्ते, सगळं वेळच्या वेळी झालेलं. वारा अडवायला बांधावर शेवरी आहे. घड निसवल्यावर झाडं एकमेकांना पट्टीने बांधून आधारही दिलाय. आणि मग अर्ध्या तासाचं वादळ येतं. घडाच्या वजनाने खोडं कमरेतून मोडतात, कापसाच्या दोऱ्यासारख्या तंतूंनी लोंबत राहतात. संध्याकाळी बांधावर जमलेले लोक दोनच वाक्यं बोलतात. एक मोठ्याने: 'नशिबात नव्हतं.' दुसरं जरा हळू: 'शेवरी दाट पाहिजे होती.'

मला ही दोन्ही वाक्यं घाईची वाटतात. दोन्ही निकाल बघून मागाहून सुचलेली आहेत. पलीकडच्या बांधावर शेवरीचं एक झाड नसतं, वादळाचा पट्टा तिकडे वळत नाही, त्याची बाग वाचते. आठ दिवसांनी माल कमी म्हणून भाव चढतो आणि गाव त्याला हुशार ठरवतं. निर्णय तपासायचा असेल, तर तो घेतला त्या दिवशी काय माहीत होतं आणि काय परवडत होतं, एवढंच बघावं. शेवरी लावणारा बरोबरच होता, बाग पडली तरी.

काही गोष्टी शेतकऱ्याच्या हाताबाहेर असतात, हे हवामानावर आधारित फळपीक विम्याने एका परीने मान्य केलंय. पारा सलग तीन दिवस 8 अंशांवर किंवा त्याखाली राहिला, तर थंडीची भरपाई. तुम्ही रात्री पाणी दिलं का, बांधावर धूर केला का, कोणी विचारत नाही. पण पारा मोजायचा तो महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर. तुमच्या खोलगट शेतात केळी गारठली आणि तिकडचं यंत्र 8च्या वर राहिलं, तर तुमची थंडी कागदावर पडलीच नाही! वादळाचं नुकसान मात्र 72 तासांत तुम्हीच कळवायचं. आभाळ कोसळलं तरी अर्ज तुमचाच. ही अट जाचक आहे, पण अख्ख्या विषयाचं सार मला तिच्यात दिसतं.

हातात काय असतं आणि काय नसतं, याची आपल्याच खानदेशातली एक गोष्ट सांगतो. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले. उद्या कोणाची बदली होईल, कोण सुटेल, बोललेलं भिंतीबाहेर जाईल का, यातलं काही कैद्यांच्या हातात नसतं. रविवारी बोलणं तेवढं हातात होतं. अठरा अध्याय पुरे झाले. फळाची आशा सोडायची म्हणजे हिशेबही सोडायचा, असा सोयीचा अर्थ आपण लावतो. त्या अठरा रविवारांत मला तो कुठे दिसत नाही. आणि ती प्रवचनं आपल्यापर्यंत पोचली ती बोलणाऱ्याच्या एकट्याच्या बळावर नव्हे. साने गुरुजी शेजारी बसून लिहून घेत होते.

मला आज खरं बोलायचंय ते इथून पुढे. आपण दोनच खाती मांडतो, एक माझं आणि एक दैवाचं. या दोन्हींत न बसणारं एक उदाहरण घ्या. 2020च्या पावसाळ्यात रावेर-यावलच्या बागांमध्ये कुकुंबर मोझॅक आला, आपला हरण्या. त्यावर औषध नाही. मावा तो पसरवतो. काकडीवर्गातल्या वेलांवर आणि तणांवर हा रोग टिकून राहतो. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करणं हा उपाय. मी दिवसभर झाडं उपटली आणि शेजाऱ्याने 'बघू' म्हणत ठेवली, तर मावा बांध ओळखत नाही. याला दैव म्हणायचं का? मी म्हणणार नाही. हे दोघांच्या मिळून हातात होतं.

पाण्याचं तर याहून अवघड. सातपुड्याच्या पायथ्याचा हा बजाडा पट्टा, दगडगोट्यांचा, पाऊस पोटात घेणारा. तरी भूजलाच्या वर्गवारीत रावेर आणि यावल हे तालुके अतिशोषित म्हणून नोंदले गेले. हे काही आळशी माणसांनी केलेलं नाही. विहीर आटली म्हणून ज्याने कर्ज काढून बोअर खोल नेला, तो आपल्या घराची जबाबदारीच पार पाडत होता. पलीकडच्यानेही तेच केलं. प्रत्येकाच्या जबाबदारीची बेरीज पाणी खाली जाण्यात झाली, आणि आता पाणी लागलं तर 'नशीब', नाही लागलं तरी 'नशीब'.

मृगबागेच्या लागवडीला अवकाश असतानाच काय करता येईल, ते सांगतो. एका शिवारातल्या दहा बांधकऱ्यांनी रोपांची ऑर्डर देण्याआधी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: बागेत काकडी, भोपळा लावायचा नाही; रोगट झाड कोणाच्याही शेतात दिसलं तर सांगायची मुभा सगळ्यांना, आणि राग धरायचा नाही; आणि नाल्याचं पाणी अडवायला वर्गणी किती. तिसऱ्या मुद्द्यावर भांडण होईल हे मला ठाऊक आहे. पहिल्या बैठकीत ते होऊ द्यावं.