रमजानचा उपास आणि हिशेबाचे दान

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



रमजानविषयी चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह केला म्हणून मी उभी राहिले आहे. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. भाषणाची सवय नाही. पण ईदचा शिरखुर्मा आपण सर्वजणी वर्षानुवर्षे गोड मानून घेता आणि त्याच्या आधी महिनाभर आमच्या घरात काय चालते हे मात्र पुष्कळजणींना ठाऊक नसते. तेव्हा स्वयंपाकघरातून जेवढे दिसते तेवढे सांगते.

रोजा म्हणजे पहाट फुटल्यापासून सूर्य मावळेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. पहाटेच्या आधी जेवतात ती सहेरी आणि संध्याकाळी उपास सोडतात तो इफ्तार. आपल्याकडे “एकादशी अन् दुप्पट खाशी” म्हणतात, तशी गंमत आमच्यातही होते, नाही असे नाही. भज्यांची परात पुढे आली की हात आवरत नाही. पण खरा रोजा पोटाचा तसा जिभेचाही. चहाडी, खोटे बोलणे, भांडण यांचाही उपास धरायचा असतो आणि आम्हां बायकांना तोच जास्त कठीण जातो, हे तुम्हीही मान्य कराल!

बाईने दिवसभर उपाशी राहून सगळ्यांचा स्वयंपाक करायचा म्हणजे मीठ चाखायचे कसे, असे एकीने मला विचारले होते. गरज पडली तर जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकायची मुभा आहे. पण माझ्या शेजारच्या काकू भिंतीपलीकडून हाक मारून विचारतात, “आण गं वाटी, मीठ बघते.” गेली कित्येक वर्षे माझ्या रमजानच्या रश्शाचे मीठ त्यांच्याच जिभेवर ठरते.

रोजा सर्वांवर सारखा लादलेला नाही. आजारी माणूस, प्रवासी, गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई यांना सूट आहे. राहिलेले रोजे त्यांनी पुढे सवडीने भरून काढायचे. बाईने अडचणीच्या दिवसांत रोजा धरायचाच नसतो, तोही नंतर धरायचा. म्हातारपणामुळे ज्याला कधीच जमणार नाही त्याने एका रोजाबद्दल एका गरिबाला जेवू घालायचे. म्हणजे उपास जिथे होत नाही तिथे त्याची जागा अन्नदान घेते.

आपल्या पंचांगात महिने चंद्राचेच, पण दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून सण ऋतूत बसवतात. आमच्यात अधिक महिना नाही. म्हणून रमजान दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. २०१५ आणि २०१६ साली रोजे जून-जुलैत होते. दिवस मोठा, उपास साडेचौदा तासांच्या आसपास, आणि महाबळेश्वरच्या त्या पावसात चंद्र कसला दिसतो! बाहेरगावाहून खबर यायची तेव्हा ईद ठरायची. २०२५ साली ईद ३१ मार्चला झाली, म्हणजे गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि २०२१, २०२२, २०२३ या तिन्ही वर्षी ईद आणि अक्षय्यतृतीया एकाच दिवशी आली. तुम्ही पाण्याचा घडा दान देत होता, आम्ही फित्रा देत होतो. दिवस एक आणि हेतूही एकच.

आता दानाचे सांगते. आमच्यात दान दोन प्रकारचे. मनाला येईल तेव्हा, येईल तेवढे द्यायचे तो सदका. दुसरे हिशेबाचे, ती जकात. ज्याच्याकडे साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, किंवा तेवढ्या किमतीचा पैसा अगर विक्रीचा माल वर्षभर शिल्लक आहे, त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा, म्हणजे शेकडा अडीच रुपये, गरिबांसाठी काढायचा. लाखाला अडीच हजार. राहते घर, घरातली भांडीकुंडी, धंद्याची हत्यारे हिशेबात धरत नाहीत, आणि डोक्यावरचे देणे वजा करतात. शेतीचा हिशेब निराळा. पावसाच्या पाण्यावर पिकले तर दहावा हिस्सा, कष्टाने पाणी देऊन पिकवले तर विसावा. ज्याचे श्रम जास्त त्याच्यावर भार कमी.

जकात रमजानातच दिली पाहिजे असे नाही, पण पुण्याचा महिना म्हणून बहुतेक घरांत हिशेब याच महिन्यात होतो. बायकांनी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की बाईचे दागिने बाईचे, आणि त्यांची जकातही तिच्याच शिरावर. आमच्या हनफी लोकांत अंगावरचे दागिनेही मोजतात, तर घाटाखालच्या कोकणी मुसलमानांत, जे शाफई आहेत, रोजच्या वापरातले मोजत नाहीत.

जकात आईबापांना किंवा मुलाबाळांना देता येत नाही. त्यांना पोसणे हे कर्तव्यच आहे, त्याला दान म्हणायचे नाही. पण गरीब भाऊबहीण असेल तर त्याचा हक्क आधी. कर्जात बुडालेला माणूस आणि वाटेत अडलेला प्रवासी यांचाही त्यात वाटा सांगितला आहे.

फित्रा याहून साधा. घरात जितकी माणसे तितक्यांचा, काल जन्मलेल्या तान्ह्याचासुद्धा. देशावर माणशी पावणेदोन-दोन किलो गहू किंवा त्याची किंमत देतात, कोकणात माणशी अडीच किलोच्या आसपास तांदूळ. आणि तो ईदच्या नमाजाच्या आधी पोहोचला पाहिजे. नंतर दिला तर ते साधे दान झाले, फित्रा नव्हे. कारण सणाच्या सकाळी गरिबाची चूल पेटावी हाच त्यातला उद्देश.

भगिनींनो, हे सर्व मला पाठ होते, पण त्याचे मोल २०२० साली कळले. त्या वर्षी रोजे २५ एप्रिलला सुरू झाले आणि गाव टाळेबंदीत होते. एप्रिल-मे हा आपला सिझन. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर आपण पावसाळ्याची बेगमी भरतो. आमचे बाजारपेठेत चपलांचे लहानसे दुकान आहे. माल भरलेला, गिऱ्हाईक एक नाही, आणि व्यापाऱ्याचे देणे उभे. दरसाल जकात काढणारे आमचे घर त्या वर्षी जकात घेणाऱ्यांत जमा झाले. एके रात्री दाराशी कुणीतरी गहू, तांदूळ, तेल ठेवून गेले. कोण, ते आजपर्यंत कळले नाही. त्या माणसाने आमचे पोट भरले, शिवाय आमची मान खाली होऊ दिली नाही.

त्याच दिवसांत आमच्या आळीत धान्याचे एक वाटपही झाले. कोणाचे ते सांगण्याचे कारण नाही. रांग लावली होती आणि प्रत्येकाच्या हाती पिशवी देताना फोटो काढत होते. बंगल्यावर भांडी घासणारी एक विधवा बाई रांगेत होती. फोटो दिसताच ती पदर ओढून रिकाम्या हाताने घरी गेली. तिच्या घरी दोन मुले होती.

देऊन पुन्हा बोलून दाखवाल, घेणाऱ्याचे मन दुखवाल, तर दान वाया जाते, अशी कुराणाची शिकवण आहे. उघड दिलेले चांगलेच, पण गुपचूप गरिबाला दिलेले अधिक चांगले. आपणही “या हाताचे त्या हाताला कळू नये” म्हणतो आणि देवळात गुप्तदान करतो. आपल्या वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या विनोबांनी कुराणाचा अभ्यास करून ‘कुराणसार’ तयार केले. ज्यांना वाचायची आवड आहे त्यांनी ते जरूर पाहावे.

म्हणून मंडळाला माझी विनंती आहे. एक, आपला मुष्टिफंड पुन्हा सुरू करावा. रोज स्वयंपाकाला तांदूळ घेताना एक मूठ डब्यात टाकावी. मनात आले तेव्हा देण्यापेक्षा ठरवून दिलेले अधिक साठते. दुसरे, ते धान्य मृगाच्या आधी पोहोचवावे, कारण पाऊस लागल्यावर कामे बंद होतात आणि आपल्याकडे खरी भूक तेव्हा लागते. तिसरे, व्यासपीठावर बोलावून, नावे वाचून देऊ नये. दोघींनी संध्याकाळी जाऊन घरात ठेवून यावे. हिशेब वहीत जरूर असावा, पण घेणारीचे नाव त्या दोघींजवळच राहावे.

मंडळाच्या कार्यकारिणीत याचा विचार व्हावा. पहिली मूठ माझ्या घरची धरावी.



जय हिंद.