तीस सप्टेंबरचा पट

सहावी-सातवी-आठवीच्या मुलांना किती शिक्षक मिळणार, हे आपल्याकडे एका तारखेवर ठरतं. 30 सप्टेंबर. त्या दिवशीचा पट, आणि त्यातही ज्यांचं आधार ऑनलाइन प्रणालीत वैध ठरलं तेवढीच मुलं, संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदं ठरवण्याच्या हिशेबात, धरली जातात. त्यावर पदं मंजूर होतात, कुणी अतिरिक्त ठरतं, कुणाचं समायोजन होतं. हा हिशेब सगळ्या राज्याला सारखाच लागू आहे. पण आपल्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीभोवती, कसबा सांगाव, तळंदगे, पट्टणकोडोली या पट्ट्यात, तो मुलांवर अन्याय करतो. आज मी एवढंच मांडायला उभा आहे.

इथल्या फौंड्र्यांत, सूतगिरण्यांत, कापड कारखान्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा आणि शेजारच्या कर्नाटकातून माणसं येतात. ठेकेदार बदलला की त्यांची खोली बदलते आणि खोलीबरोबर मुलांची शाळाही. एखादी मुलगी नोव्हेंबरात दाखल होते. तिच्या आधारवरचं नाव एक, जुन्या दाखल्यावरचं दुसरं. मुलगी वर्गात बसलेली असते, पण मोजणीत नसते.

त्याच सुमाराला कागलचा शाहू कारखाना, हमीदवाड्याचा मंडलिक कारखाना यांचा गळीत हंगाम सुरू होतो. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या फडात उतरतात. मुलांनी मूळ गावीच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, ती चांगलीही आहे. तरी धाकट्या भावंडाला सांभाळायला सहावी-सातवीतली मुलगी आईबरोबर येतेच. ती येते तेव्हा पट मोजून झालेला असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 5 प्रमाणे दाखला नाही म्हणून तिला परत पाठवता येत नाही, आणि बहुतेक गुरुजी-बाई पाठवतही नाहीत. तिला घेतात. फक्त तिच्यासाठी शासनाकडून काहीच येत नाही.

आता 2009 चा हा कायदा काय म्हणतो ते पाहू. सहावी ते आठवीसाठी दर वर्गाला किमान एक शिक्षक हवा. त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांचा किमान एकेक हवा. आणि 35 मुलांमागे एक शिक्षक हवा. पट शंभराच्या वर गेला तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक आणि कला, क्रीडा, कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक. त्याखालच्या शाळेत शिकवणाऱ्यांपैकीच एकाकडे प्रभार असतो. पोषण आहाराच्या नोंदी, युडायस, शिष्यवृत्तीचे अर्ज, सगळं त्याच्याकडे. कलम 27 ने अशैक्षणिक कामांना मनाई केली आहे, पण जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळून. आणि बीएलओचं, म्हणजे मतदारयाद्यांचं, काम निवडणुकीत मोडतं! आणि विज्ञानाचं पद रिकामं राहिलं की भाषेच्या बाई विद्युत परिपथ शिकवतात. आठवीतल्या मुलाची विज्ञानाशी ओळख इथेच तुटते, आणि ती पुढे जुळवायला फार कष्ट पडतात. 15 मार्च 2024 च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयाला शिक्षक संघटनांनी विरोध केला तो याच भीतीपोटी, की कमी पटाच्या शाळांतली पदं जातील.

माझा मूळ आक्षेप आकड्यापेक्षा खोल आहे. समजा, सत्तर-सत्तर मुलांच्या दोन शाळा आहेत. एकीतली सगळी मुलं पहिलीपासून तिथेच शिकलेली. दुसरीतली पंधरा मुलं घरी भोजपुरी, ओडिया, कन्नड बोलणारी, दोन-तीन शाळा बदलून आलेली. मंजूर पदं दोन्हीकडे सारखीच. कलम 4 सांगतं, की शाळेबाहेरच्या मुलाला वयानुसार वर्गात बसवा आणि त्याला विशेष प्रशिक्षण द्या. ते कुणी द्यायचं? त्यासाठी वेगळं पद नाही. वर्ग सांभाळणारे शिक्षकच, उरलेल्या वेळात.

नेदरलँड्सने 1985 पासून प्राथमिक शाळांत वेगळा हिशेब केला. कमी शिकलेल्या स्थलांतरित पालकांचं मूल 1.9 धरायचं, कमी शिकलेल्या डच पालकांचं 1.25. पुढे हे आकडे बदलले, पण गरज मोजायची हे सूत्र रुजलं. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही वंचित मुलं जास्त असतील तिथे 25 मुलांमागे एक शिक्षक हे लक्ष्य लिहिलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये दिव्यांग मुलांसाठी उच्च प्राथमिक स्तरावर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. तत्त्व मान्यच आहे, ते संचमान्यतेत उतरत नाही.

कागलकरांना हे पटवायला लांब जायला नको. कागलच्याच घाटगे घराण्यात जन्मलेल्या राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पण त्याआधीच, 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं राहिलं होतं, मग जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य समाजांच्या मुलांसाठी एकेक वसतिगृह. शाळा उघडली म्हणजे झालं, असं महाराजांनी मानलं नाही. मूल कुठे झोपतं, काय जेवतं, त्याच्या अभ्यासाकडे कोण बघतं, हा राज्याचा प्रश्न आहे असं त्यांनी मानलं.

म्हणून शासनाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. औद्योगिक आणि ऊस पट्ट्यातल्या शाळांचा पट जानेवारीत पुन्हा मोजावा, आणि आधार जुळत नसलं तरी वर्गात हजर असलेलं मूल धरावं. दुसरी, अशा शाळांना भाषा आणि विशेष प्रशिक्षणासाठी एक जादा पद द्यावं.

उद्योजकांनाही एक विनंती. कंपनी कायद्याप्रमाणे मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामासाठी द्यावे लागतात. भिंती रंगवून झाल्या, डिजिटल फळेही बसले. आता दुपारच्या पाळीला आई-बाप कामावर असताना या मुलांजवळ बसणारा माणूस द्या. त्याने सरकारी पदाची जागा घेऊ नये, एवढं मात्र पाळा.

आणि पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा तुमच्या आहेत. येत्या ऑगस्टमध्ये कामगारांच्या खोल्यांतून फिरा, शाळेबाहेरची मुलं नोंदवा, आधार दुरुस्तीचं शिबिर शाळेतच लावायला ग्रामपंचायतीला भाग पाडा. 30 सप्टेंबरच्या आधी.