राज्य म्हणजे पेढी नव्हे



देशाचा कारभार एखाद्या कंपनीप्रमाणे चालवावा, हा विचार सुशिक्षित मध्यमवर्गात वारंवार ऐकू येतो. सरकारी कचेरीत दिवसभर ताटकळून, हाती केवळ पुढची तारीख घेऊन परतलेल्या माणसाला तो पटला तर नवल नाही. दिरंगाई आणि उधळपट्टी यांविषयीचा त्याचा संताप न्याय्य आहे. परंतु रोगाची तक्रार खरी असली म्हणजे सुचविलेले औषधही योग्य ठरते असे नाही. शिवाय हे औषध नवे नाही. या देशाच्या एका मोठ्या भागावर ते पूर्वी वापरून झालेले आहे.

१७६५ साली ईस्ट इंडिया कंपनीने बादशहा शाह आलमकडून बंगाल, बिहार व ओरिसा या प्रांतांची दिवाणी मिळविली. लंडनमधील भागधारकांना उत्तरदायी असलेली एक व्यापारी पेढी रयतेकडून सारा वसूल करू लागली. १७६९-७० मध्ये पावसाने दगा दिला आणि भीषण दुष्काळ पडला. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली संचालकांना पाठविलेल्या अहवालात निदान एक तृतीयांश रहिवासी नष्ट झाल्याचा अंदाज दिला. त्याच अहवालात १७७१ ची निव्वळ वसुली दुष्काळापूर्वीच्या १७६८ च्या वसुलीहूनही अधिक झाल्याचे नमूद केले. हे घडले कसे? मेलेल्या वा परागंदा झालेल्या शेजाऱ्याचा सारा मागे उरलेल्यांवर बसविला जाई. या आकारणीला ‘नजाई’ असे नाव होते.

जमाखर्चाच्या दृष्टीने यात विसंगत काहीच नव्हते. येणे वसूल करावे आणि भागधारकांना लाभांश द्यावा, हेच पेढीचे कर्तव्य. उपासमारीने मेलेल्या विणकराला तिच्या ताळेबंदात रकाना नव्हता. मात्र पुढे कंपनी स्वतःच कर्जबाजारी झाली, तेव्हा १७७३ साली ब्रिटिश सरकारने तिला १४ लाख पौंडांचे कर्ज देऊन सावरले. पेढीच्या संकटात राज्यसंस्था धावून आली. रयतेच्या संकटात धावून येण्यास राज्यसंस्थाच उरलेली नव्हती. खुल्या व्यापाराचा आद्य पुरस्कर्ता ॲडम स्मिथ यानेही १७७६ साली व्यापारी कंपनीच्या राज्याची गणना सर्वांत वाईट राज्यपद्धतींत केली, ती उगाच नव्हे.

याच्या शेजारी दोनशे वर्षांनंतरचा महाराष्ट्र ठेवून पाहावा. १९७२ साली पाऊस बुडाला, पिके करपली. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख स्त्री-पुरुष सरकारी दुष्काळी कामांवर होते. खडी फोडीत होते, पाझर तलाव खोदीत होते. मजुरी अपुरी होती, ती वेळेवर मिळत नसे, त्यासाठी मोर्चे काढावे लागत. तरीही बंगालची पुनरावृत्ती टळली. वि. स. पागे यांनी पुढे आणलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेला या अनुभवाने बळ मिळाले. तिच्या खर्चासाठी १९७५ साली नोकरदारांवर व व्यावसायिकांवर व्यवसायकर बसविण्यात आला. १९७७ साली कायदा झाला आणि १९७९ पासून तो अमलात आला.

येथे पेढी आणि राज्य यांतील मूलभूत भेद उघड होतो. मंदीच्या वर्षी कारखानदार कामगार कमी करतो आणि त्याच्यापुरते ते शहाणपणाचे असते. राज्याला नेमके त्याच वर्षी हजेरीपटावर अधिक नावे घालावी लागतात. कारखान्याच्या दृष्टीने मजुरी हा खर्च असतो. देशाच्या दृष्टीने तीच मजुरी वाण्याची विक्री असते, विणकराचे गिऱ्हाईक असते. सर्वांनीच एकाच वेळी हात आखडता घेतला तर सर्वांचेच उत्पन्न घटते. शिवाय कारखान्याने काढलेला माणूस कारखान्याच्या फाटकाबाहेर जातो. देशाने काढलेल्या नागरिकाने कोठे जावे? कंपनीच्या सभेत ज्याचे भाग अधिक त्याची मते अधिक. लोकशाहीत भूमिहीन मजुराचे मत आणि गिरणीमालकाचे मत सारखेच मोजले जाते. पेढीसारखा कारभार मागणाऱ्यांना हे समान मत अडचणीचे तर वाटत नाही ना, हे तपासले पाहिजे.

याचा अर्थ राज्याने हिशेब ठेवू नये असा मुळीच नाही. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावे लागली, तेव्हा लुबाडणूक झाली ती खऱ्या मजुराचीच. चोख लेखापरीक्षण, वेळेवर मजुरी, अपुऱ्या राहिलेल्या बंधाऱ्याचा जाब, या गोष्टी समाजवाद्याने भांडवलदाराहूनही अधिक कठोरपणे मागितल्या पाहिजेत. काटकसर कशी करावी हे पेढीकडून अवश्य शिकावे. ती कोणासाठी करावी, हे मात्र लोकांनीच ठरवावयाचे असते.

म्हणून देश कंपनीप्रमाणे चालवा असे जो म्हणेल, त्याला एकच प्रश्न विचारावा: पाऊस बुडेल त्या वर्षी तुमची कंपनी माणसे कामावर घेणार, की कमी करणार?